चिट्टीच्या अंगाला चोळलेलं फडकं

मी डॉक्टर नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण सोलापुरात आणि आसपासच्या गावांत मला सगळे डॉक्टरच म्हणतात आणि मी आजवर कुणाला अडवलेलं नाही. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात मी पशुधन पर्यवेक्षक होतो. म्हणजे साहेब मीटिंगला गेले की अडलेल्या म्हशीच्या पोटात हात घालायचा तो मी. आणि साहेब मीटिंगलाच असायचे. बत्तीस वर्षं हे केलं. निवृत्त झाल्यावर घरात करमेना. बायको म्हणाली, "दिवसभर माझ्या मागं मागं फिरण्यापेक्षा कुत्र्यांच्या मागं फिरा," आणि मी शहरातल्या एका मॅडमच्या कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यात जायला लागलो. मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या आहेत. मला काका म्हणतात. त्या दवाखाना सांभाळतात. लोकांच्या घरी जाऊन ड्रेसिंग करणं, इंजेक्शन देणं आणि मालकांना चार गोष्टी समजावणं माझ्याकडं.

दिवाळी अंकासाठी लिहा म्हणणाऱ्या संपादकांनी बजावलं होतं, "गमतीजमती येऊ द्या." त्या पुष्कळ आहेत. एखाददुसरी सांगतोही. पण लिहायला बसलं की सोलापूरच्या पूर्व भागातलं एक घर डोळ्यांपुढं येतं, आणि तिथं गंमत काही नाही.

घरी या म्हणून जी बोलावणी येतात त्यातली बरीच एकाच कारणानं येतात. कुत्री व्यालेली असते, आणि कालपर्यंत जिच्या पोटाला पाठ लावून झोपत होती त्या मांजरीवर, नाहीतर घरातल्या दुसऱ्या कुत्र्यावर ती तुटून पडते. मालकाला वाटतं कुत्री पिसाळली. नजर लागली म्हणून मीठ-मिरच्या ओवाळून टाकणारेही भेटतात. तसं काही नसतं. पिल्लं आंधळी, बहिरी, वीतभर सरकायचं म्हटलं तरी दमणारी. त्यांच्याजवळ येणारं प्रत्येक जनावर तिच्या लेखी त्यांना खायलाच आलेलं असतं. आपला तो बाब्या ही म्हण माणसांनी केली, पण ती खरी पाळतात जनावरं. शिवाय तिचं अंग दुखत असतं. सड सुजलेले असतात, दुधापायी अंगातलं कॅल्शियम गेलेलं असतं. म्हणून आधी तिला तपासायचं. दुखणं नसेल तर औषध एकच, आडोसा. तिला वेगळी खोली द्यायची, दाराला फळी लावायची, बाकीच्या जनावरांचं खाणंपिणं दुसरीकडं हलवायचं, आणि पिल्लं स्वतः हिंडायला-खायला लागेपर्यंत, म्हणजे दीड-दोन महिने, दम धरायचा. मालकाला सगळ्यात अवघड जातं ते हे शेवटचं.

अक्कलकोटला एका धान्याच्या व्यापाऱ्याकडं गेलो होतो. घरात निम्मं कन्नड, निम्मं मराठी. कुत्रीनं घरातल्या छोट्या पांढऱ्या कुत्र्याचा, मोत्याचा, कान फाडला होता. दारात बघतो तर दहा-बारा चपला. आत आळीतल्या बायका पिल्लं मांडीवर घेऊन बसलेल्या, एकीनं तर झबलं आणलेलं. घरच्या अक्का माझ्यावरच उखडल्या. "बाळंतीणच हाय की ती! पाचवी पुजली, धुरी दिली, डिंकाचे लाडू चारले. काय कमी केलं सांगा की!"

मी म्हटलं, "अक्का, तुमच्या बाळंतपणात खोली कशी होती?"

"अंधारी. दाराला जाड पडदा. सासू कुणाला उंबरा वलांडू द्यायची न्हाय सव्वा म्हैना."

"मग हिच्या बाळंतपणातलं तुम्ही निम्मंच केलंत. लाडू ठेवले आणि पडदा काढून टाकला."

अक्का उठल्या आणि बायकांना कन्नडमधून असं काही म्हणाल्या की पाच मिनिटांत दारात एक चप्पल राहिली नाही. महिन्याभरानं मोत्या त्या पिल्लांबरोबर अंगणात लोळत होता.

मोहोळजवळच्या एका वस्तीवर याच्या उलट झालं. तिथला मालक शिस्तीचा. घरातली लाडकी शेळी जवळ आली की कुत्री गुरगुरायची, आणि गुरगुरली की हा तिच्या पाठीत काठी घालायचा. आठ दिवसांत गुरगुर बंद. घरचे खूश. नवव्या दिवशी कुत्रीनं आवाज न करता शेळीचं नाकाड धरलं. मी त्याला सांगितलं, गुरगुरणं ही तोंडी नोटीस असते. नोटीस द्यायची सोय तुम्हीच काढून घेतली, मग ती सरळ जप्तीवर आली. त्याला ते पटलं का माहीत नाही. मला मात्र माझं वाक्य इतकं आवडलं की पुढं दहा घरांत ऐकवलं.

म्हणजे हे सगळं मला येत होतं. लोकांना शिकवत होतो. म्हणूनच पुढचं सांगायला जड जातं.

पूर्व भागातून स्वप्ना नावाच्या मुलीचा फोन आला. ती नर्सिंगला शिकत होती. आमची कुत्री आमच्या मांजरीच्या जिवावर उठली आहे, या, असं म्हणाली. घर तेलुगू विणकराचं. पुढं एक खोली, मागं एक खोली, आणि बाजूच्या शेडमध्ये टॉवेलचे दोन यंत्रमाग. माग चालू असले की त्या घरात माणसाला माणसाचं ऐकायला जवळ जावं लागतं. माग चालवायचे तिचे वडील श्रीनिवास. पुढच्या खोलीत भिंतीला टेकून श्रीनिवासची आई विड्या वळत बसलेली. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. तिला सगळी गल्ली अव्वा, म्हणजे आजी, म्हणायची. मीही म्हणायला लागलो.

अव्वाच्या गुडघ्यापाशी एक राखाडी मांजरी होती. वय चौदा, एका डोळ्यात फूल पडलेलं, मागच्या मांडीवरची कातडी फाटलेली. तिचं नाव चिट्टी. तेलुगूत म्हणजे चिमुरडी. कुत्रीचं नाव राणी, काळी, छातीवर पांढरा पट्टा, वय दोन. पाच दिवसांपूर्वी मागच्या खोलीत फडताळाखाली तिनं पाच पिल्लं दिली होती. चिट्टीची दुधाची वाटी चौदा वर्षं त्याच खोलीत. ती सवयीनं तिथं गेली आणि राणीनं तिला धरलं. कशीबशी सुटून ती फळीवर चढली म्हणून वाचली.

मी टाके घालत होतो तेव्हा अव्वा एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती. "हिनंच तिला वाढवलं की हो."

ते खरं होतं. राणी आणली तेव्हा मुठीएवढी होती, आईवेगळी. रात्रंदिवस रडायची. चिट्टीनं आधी दोन दिवस तिच्यावर फिस्कारून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी तिला चाटायला लागली. राणी चिट्टीचे कोरडे सड चोखत झोपायची. स्वप्नाच्या मोबाइलमध्ये फोटो होता. ते पिल्लू पुढं चिट्टीच्या चौपट झालं तरी झोपायला तिच्याच पोटाशी.

श्रीनिवास माग थांबवून आला. टॉवेलला हात पुसत म्हणाला, "डॉक्टर, आईचा जीव या मांजरीत हाय. बाबा गेल्यापासनं दोघी एकमेकींच्या आधारानं बसल्यात. अजून एक डाव जर असं झालं तर मी कुत्रीला टेम्पोत घालून हायवेला सोडणार. पिल्लंबिल्लं बघणार न्हाय."

"सोडू नको रे," अव्वा म्हणाली. "दोघी पायजेत मला."

श्रीनिवास माणूस वाईट नव्हता. पण तो उगाच बोलणाऱ्यातला नव्हता, हे मला तेव्हाच कळलं. म्हणजे आता मला मांजरी वाचवायची होती आणि कुत्रीचं घरही.

राणीला तपासलं. ताप नाही, सड मऊ. दुखणं नव्हतं. मग नेहमीचा बंदोबस्त सांगितला. मागच्या खोलीच्या दाराला प्लायवूडची फळी. स्वयंपाकाचा गॅस तिथून पुढच्या खोलीत आणायचा. राणीला बाहेर न्यायचं तेव्हा चिट्टीला शेडमध्ये बंद करायचं. आणि दोघींच्या अंथरुणातला एकेक तुकडा फळीच्या अलीकडं-पलीकडं ठेवायचा, म्हणजे लांबून, हळूहळू, एकमेकींचा वास पुन्हा ओळखीचा होतो. हे शेवटचं मला मॅडमनी शिकवलेलं. वर त्यांनी हेही बजावलं होतं, "काका, वास जमिनीवर ठेवायचा. जनावराच्या अंगाला लावायचा नाही." का, ते मी विचारलं नव्हतं. मला वाटलं, शहरात शिकलेल्यांची नाजूक पद्धत.

आठवडाभर सगळं नीट चाललं. मी दोन-तीन दिवसांआड जात होतो. राणी शांत होती. फळीपलीकडं चिट्टी दिसली तर गुरगुरायची, पण झेपावत नव्हती. मी ते चांगलं लक्षण म्हणून सांगितलं.

बिघडत होतं ते चिट्टीचं. जखम भरून आली तशी ती उठून फळीपाशी जाऊन बसायला लागली. दिवसभर तिथंच. आत बघून बारीक आवाजात ओरडायची. तिची वाटी आता पुढच्या खोलीत मांडली होती, तिला तोंड लावायची नाही. चौदा वर्षांच्या मांजरीनं दोन दिवस खाल्लं नाही की तिचं पोट पाठीला लागतं. तिसऱ्या दिवशी मी तिला उचललं तेव्हा हाताला नुसती हाडं लागली.

अव्वा म्हणाली, "तिला वाटतंय, घरातनं काढलं तिला. कदी एक व्हतील हो डॉक्टर?"

"अजून चार आठवडे तरी."

अव्वानं चिट्टीच्या पाठीवरून हात फिरवला. "तेवढं हायत का तिच्यापाशी?"

'नाहीत' हे उत्तर होतं, पण ते देववेना. आणि डॉक्टर म्हणवून घेतलेल्या माणसाला 'माझ्याकडं काही नाही' असं म्हणणं फार कठीण जातं.

मी सांगोल्याकडच्या मेंढपाळाच्या घरातला. आमच्यात एखादी मेंढी मेली आणि कोकरू मागं राहिलं, आणि त्याच वेळी दुसरीचं कोकरू मेलं, तर वडील काय करायचे, त्या मेलेल्या कोकराची कातडी सोलून पोरक्या कोकराच्या अंगावर बांधायचे. मेंढी यायची, हुंगायची, आणि आपलंच आहे म्हणून पाजायची. कातडी नसली तर मेंढीचंच दूध कोकराच्या डोक्याला, शेपटाला चोळायचं. दोन दिवसांत काम फत्ते. वडील म्हणायचे, जनावराचं नातं नाकात असतं. लहानपणी मी स्वतःच्या हातानं अशी कितीतरी कोकरं लावून दिली. नोकरीतही एक-दोन वासरांना हे केलं आणि साहेबांकडून शाबासकी घेतली. पुस्तकात नसलेली एक गोष्ट मला येते याचा मला फार अभिमान होता. मॅडमपुढं तर जरा जास्तच.

मी अव्वाला ते सांगितलं. पिल्लांचा वास चिट्टीच्या अंगाला लागला तर राणी तिला आपल्यातलीच समजेल. चार आठवड्यांचं काम एका सकाळी.

"तुमी डॉक्टर," अव्वा म्हणाली. "तुमाला म्हायती."

मॅडमना एक फोन करायचा होता. मोबाइल खिशात होता. केला नाही, कारण त्या काय म्हणतील ते मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला गेलो. स्वप्ना कॉलेजला गेलेली, श्रीनिवास शेडमध्ये, दोन्ही माग खडखडत होते. घरात मी आणि अव्वा. राणीला अंगणात बांधलं आणि पिल्लांखालचं फडकं काढून घेतलं. दूध-मूत लागून ओलं झालेलं जुनं टॉवेलचं फडकं. ते चिट्टीच्या अंगाला मानेपासून शेपटीपर्यंत चोळलं. तिला ते मुळीच आवडलं नाही. ती अंग आक्रसून घेत होती, चाटून पुसू बघत होती. राणीच्या सडातलं थोडं दूध वाटीत काढून घेतलं होतं, ते तिच्या डोक्याला लावलं. मग अव्वाच्या मांडीवरचं सूप बाजूला ठेवून तिथं चिट्टीला बसवलं आणि राणीला साखळीनं आत आणलं.

राणीनं चार पावलांवरूनच वास घेतला. कान मागं गेले, शेपूट खाली आणि हलती. गुरगुर नाही, मानेवरचे केस बसलेले. जवळ आली, चिट्टीचं डोकं हुंगलं आणि चाटलं. अव्वानं माझ्याकडं बघितलं. त्या बाईला इतक्या दिवसांत हसताना मी पहिल्यांदा बघितलं. मी म्हटलं, "बघा," आणि साखळी सैल सोडली.

तेवढ्यात आतून एका पिल्लानं कुईकुई केलं. राणीनं मान वळवून मागच्या खोलीकडं बघितलं, मग चिट्टीकडं बघितलं, आणि तिची मान तोंडात धरली.

रागानं नाही. हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. चावणारी कुत्री मी आयुष्यभर बघितली आहेत. राणीनं तिला अलगद धरलं, बाहेर गेलेलं पिल्लू आई उचलून आणते तसं. तिला ती जागेवर न्यायची होती. मेंढी कोकराला तोंडात धरत नाही. हुंगते आणि उभी राहते, बस. कुत्री उचलते. एवढी साधी गोष्ट, रोज डोळ्यांपुढं दिसणारी, आणि मला ती सुचली नव्हती.

चिट्टीला कुठं माहीत की ती आता पिल्लू आहे? तिला एवढंच कळलं की जिनं मांडी फाडली तिनं आता मान धरली. ती उलटी फिरली आणि दोन्ही पुढच्या पायांची नखं राणीच्या नाकात रोवली. मी घाबरून साखळी ओढली. ती आणखी एक चूक. राणीचा जबडा आवळला, एक झटका बसला. पुढं करण्यासारखं काही उरलं नाही.

साखळी माझ्या हातातून सुटली. राणी चिट्टीला घेऊन मागच्या खोलीत गेली, तिला पिल्लांमध्ये ठेवलं, आणि चाटायला लागली. नाकातून रक्त गळत होतं, त्याकडं तिचं लक्ष नव्हतं. ओल्या पिल्लाला चाटून जागं करतात तसं ती तिला डोक्यापासून शेपटीपर्यंत चाटत राहिली.

अव्वा दारापर्यंत सरकत आली. आत बघितलं. मग म्हणाली, "पोर वाटलं व्हय तिला ते?"

"व्हय," मी म्हटलं.

शेडमधले माग थांबले. श्रीनिवासला शेडच्या दारातून आतली गडबड दिसली असावी. तो आत आला, मागच्या खोलीत डोकावला आणि माझ्याकडं वळला. "काय झालं डॉक्टर?"

फडकं माझ्या हातात होतं. सांगायला दोन वाक्यं पुरली असती. मी म्हणालो, "व्यालेलं जनावर असतं, श्रीनिवास. भरवसा नसतो."

यातला शब्द न् शब्द खरा आहे आणि त्या घरात, त्या वेळी, ते धडधडीत खोटं होतं. अव्वानं मान वर करून माझ्याकडं बघितलं. मी फडक्याची घडी करून ते बॅगेत घातलं.

चिट्टीला बाहेर काढायचं होतं. श्रीनिवासनं हात पुढं केला तर राणीनं दात काढले. मी पुढं झालो तर माझ्यावरही. पिल्लांतलं एक कुणी नेऊ देते का? शेवटी अव्वा उंबऱ्यावर बसली आणि तेलुगूत म्हणाली, "इव्वम्मा." म्हणजे, दे गं बाई. दोन-तीनदा म्हणाली. राणी उठून बाजूला झाली. अव्वानं चिट्टीला एका कोऱ्या टॉवेलात गुंडाळलं आणि श्रीनिवासनं शेडमागं खड्डा खणला. मी चार दिवसांनी येतो म्हणून निघालो. मला तिथून निघायचंच होतं फक्त.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्वप्नाचा फोन. "काका, पिल्लांना बाटलीनं दूध किती वेळा पाजायचं?"

मला विचारायची गरज पडली नाही. श्रीनिवासनं बोलल्याप्रमाणं केलं होतं. सकाळी टॉवेलचे गठ्ठे न्यायला टेम्पो आला, त्यात राणीला घातलं आणि पुणे रस्त्यावर मोहोळच्या अलीकडं उतरवून दिलं.

पिल्लं अजून तीन आठवड्यांचीही नव्हती. दवाखान्यातून पिल्लांची दुधाची पावडर घेऊन गेलो. कोमट करून थेंबाथेंबानं कसं पाजायचं, पाजल्यावर ओल्या कापसानं पोट कसं पुसायचं, ते स्वप्नाला दाखवलं. आईची जीभ जे करते ते कापसानं करायचं. पोरगी हुशार, तिनं जिवापाड केलं. तरी आठवड्यात पाचातली दोन गेली. प्रत्येक वेळी तिनं मला फोन करून विचारलं, "काका, माझं काय चुकलं?"

मी मॅडमना सगळं सांगितलं. मला वाटलं, रागावतील. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "काका, हे मला नाही, त्यांना जाऊन सांगा."

मी गेलो नाही. त्याऐवजी मोटारसायकल काढली आणि राणीला शोधायला लागलो. ती सापडली तर घेऊनच जाऊ, मग सांगणं सोपं जाईल, असा माझा हिशेब. तीन दिवस सोलापूर ते मोहोळ रस्ता पालथा घातला. धाबे बघितले, पेट्रोल पंप बघितले. एका पंक्चरवाल्यानं सांगितलं, "काळी, छातीवर पांढरं? हुती की. सड लई भरल्याली. दोन दिवस हितंच फिरत हुती, टाकलेलं खात न्हवती. मग गेली सोलापूरच्या अंगाला. रस्त्याच्या मधनंच चालत हुती बघा, हाकललं तरी कडंला सरकंना." त्या रस्त्यावरून ट्रक कसे जातात ते मला माहीत होतं आणि त्यालाही. पुढं मी बरंच शोधलं. काही सापडलं नाही, वाईटसुद्धा.

मग गेलो. श्रीनिवास शेडमध्ये होता. माग चालू. मी जवळ जाऊन बोललो, त्याला ऐकू गेलं नाही. शेवटी ओरडून सांगावं लागलं, "फडकं मी चोळलं होतं! पिल्लांचं! राणीनं तिला पिल्लू म्हणून उचललं! चूक माझी होती!" अशी गोष्ट ओरडून सांगताना कसं वाटतं ते इथं लिहीत नाही. त्यानं माग बंद केला.

"आता सांगताय?" एवढंच म्हणाला, आणि पुन्हा माग चालू केला.

पुढच्या खोलीत अव्वा विड्या वळत होती. राहिलेल्या तीन पिल्लांतलं एक तिच्या पायाशी होतं, पण तिनं त्याला हात लावलेला नव्हता. मी समोर बसलो. ती खाली बघून पान गुंडाळत होती, दोरा बांधत होती. माझ्याच्यानं ते गप्प बसणं सोसवेना आणि जे तोंडात आणू नये ते आलं.

"अव्वा, तुम्हाला तर सगळं माहीत होतं. तुम्ही तरी श्रीनिवासला सांगायचं. राणी राहिली असती."

अव्वाचे हात थांबले.

"सांगितलं असतं की," ती म्हणाली. "तुमी सांगताल म्हणून थांबले. त्या दिवशी थांबले, रातभर थांबले. सकाळी टेम्पो सुरू झाला तवा सुदा मी दाराकडंच बगत हुते."